संत कोणाच्या मालकीचे, आणि संशोधन कोणाच्या परवानगीने?



संतांची नावे घेऊन संशोधनाला कुंपण घालण्याचा उद्योग आपल्या परदेशस्थ मराठी समाजात सध्या जोरात चालू आहे. तो करणारे सगळेच वाईट हेतूचे आहेत असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक माझ्या ओळखीचे, सुशिक्षित, गणेशोत्सवात रात्र रात्र राबणारे लोक आहेत. पण ते जे मागत आहेत ते चूक आहे, आणि संतांच्या नावाने मागत आहेत म्हणून दुप्पट चूक आहे. त्यांची मागणी थोडक्यात अशी : भक्ती आणि सूफी परंपरांवर इथल्या विद्यापीठांत जे लिहिले-शिकवले जाते त्यावर 'आपल्या' लोकांची देखरेख असावी, अध्यासनासाठी देणगी दिली की प्राध्यापक कोण असावा यात देणाऱ्याचा शब्द चालावा, आणि जे संशोधन आपल्याला रुचत नाही ते 'भावना दुखावणारे' म्हणून बंद पाडावे.

माझे म्हणणे नेमके उलट आहे. या परंपरांचा अभ्यास कसा करावा याचे धडे या परंपरांतच आहेत, आणि ते धडे कुंपणाच्या विरुद्ध जातात. फक्त ते फलकावर लिहिण्याइतके सोपे नाहीत. कष्टाचे आहेत. म्हणूनच बहुधा ते कोणाला नको असतात.

एक साधे उदाहरण घेऊ. आमच्या गावच्या मंडळात व्याख्यान ठरवायची वेळ आली तेव्हा मी विषय सुचवला होता : 'श्रीगोंद्याचे संत शेख महंमद'. कार्यकारिणीत पाच मिनिटे शांतता. मग एक जण म्हणाले, "विषय छान आहे हो, पण पत्रिकेवर नाव कशाला? नुसते 'श्रीगोंद्याचे संत' असे छापू या." दुसऱ्यांनी दुजोरा दिला, "उगाच वाद नको." मी विचारले की ज्ञानेश्वरांवर व्याख्यान असते तेव्हा आपण 'आळंदीचे संत' एवढेच छापतो का? उत्तर आले नाही. व्याख्यानही झाले नाही.

आता हे शेख महंमद कोण? सतराव्या शतकातले मराठी संतकवी. त्यांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ शके १५६७ म्हणजे इसवी सन १६४५ मधला. जन्माने मुसलमान, भाषा मराठी, छंद ओवीचा, विचार अद्वैताचा आणि योगाचा, आणि ढोंगावर टीका दोन्हीकडच्या. ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, त्यात कबीर, रोहिदास, मीराबाई यांच्याबरोबर शेख महंमदांचीही कथा आहे. म्हणजे अठराव्या शतकातल्या एका वारकरी ब्राह्मण चरित्रकाराला जे नाव पोथीत लिहायला अडचण वाटली नाही, ते नाव एकविसाव्या शतकात, अमेरिकेतल्या पदवीधरांना पत्रिकेवर छापायला जड जाते. प्रगती म्हणतात ती हीच का?

आणि ही भीती केवळ आपल्या मंडळापुरती नाही. खुद्द श्रीगोंद्यात त्यांचे स्थान मंदिर म्हणायचे की दर्गा यावरून २०२५ साली आंदोलन पेटले. ज्या माणसाने आयुष्यभर हा प्रश्नच निरर्थक ठरवला, त्याच्या समाधीवर तोच प्रश्न लादला जातो आहे. अशा वेळी शेख महंमदांचे ग्रंथ नेमके काय सांगतात, त्यांची हस्तलिखिते कुठे होती, कोणी जपली, त्यांच्या समाधीवर कोण कोण येत होते, हे शोधणारा अभ्यासक लागतो. घोषणा देणारे दोन्हीकडे भरपूर आहेत. पोथी वाचणारे मोजके आहेत.

त्या मोजक्यांत एक जण स्लोव्हाकियाचे आहेत. दुशान डेआक हे ब्रातिस्लावाचे संशोधक मराठी शिकले आणि शेख महंमदांवर, तसेच मराठी संतचरित्रांत वारंवार भेटणाऱ्या फकिरावर त्यांनी लिहिले. हा फकीर तुम्हालाही माहीत आहे. एकनाथांना गुरू जनार्दनस्वामींनी दत्तदर्शन घडवले ते मलंगाच्या वेषातल्या दत्ताचे, ही कथा आपण लहानपणी कीर्तनात ऐकली आहे. देव फकिराच्या रूपात का येतो, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला? तो एका परक्या माणसाला पडला. मग 'बाहेरच्यांना आपले संत काय कळणार' असे म्हणताना आपण जरा दमाने घ्यावे हे बरे.

हा 'आतले-बाहेरचे' वाद आपल्याकडे फार चालतो, म्हणून त्यावर थोडे. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून आले, धनगरांबरोबर राहिले, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर त्यांनी १९७६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याला आजही वळसा घालून जाता येत नाही. एलिनॉर झेलियट या मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवत. एकनाथांच्या भारुडांवर आणि चोखामेळ्यावर त्यांनी लिहिले, आणि आंबेडकरी चळवळीचा अभ्यास तर त्यांनी अमेरिकेत कोणाच्या खिजगणतीत नसताना सुरू केला. त्याही मागे जायचे तर १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेही ओवीत. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. पण मराठी भाषेचे त्यातले कौतुक आपण मराठी दिनाला आनंदाने मिरवतो ना? मग त्या वेळी तो माणूस 'बाहेरचा' आहे हे कुठे जाते? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असला हिशेब विद्येत चालत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती विद्यापीठातल्या मित्रांना ऐकवली पाहिजे. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आला. विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव शोधणारा, कर्नाटक-आंध्रापर्यंत धागे नेणारा हा ग्रंथ. त्याचा अॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ साली निघाला. मधली सत्तावीस वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या जगासाठी ढेरे जवळजवळ नव्हतेच. मराठी विद्वानाला 'माहिती देणारा' समजायचे आणि सिद्धांत मात्र पॅरिस-शिकागोहून आणायचे, ही जुनी खोड आहे. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले ते १९६० च्या दशकात. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, असे त्यांनी मांडले. हे मत सगळ्यांना मान्य नाही. पण ते खोडायचे तर पुरावा आणून खोडावे लागते, आणि त्यासाठी आधी ते मराठीतून वाचावे लागते. तेव्हा बहुविधता हवी म्हणणाऱ्या विद्यापीठाने आधी स्वतःच्या संदर्भसूचीत किती भाषा आहेत ते मोजावे.

आता आपल्या पुरोगामी गोटाकडे वळतो. राग येईल, पण येऊ द्या. आपण 'भक्ती-सूफी' हे शब्द जोडून एक गुळगुळीत गोळी तयार केली आहे. दंगल झाली की कबीर, निवडणूक आली की तुकोबा, ईदला सूफी संगीत. सगळे संत प्रेम शिकवत होते, सगळे सूफी शांतिदूत होते, आणि मध्ययुगात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. हे चित्र गोड आहे आणि खोटे आहे. रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली 'सूफीज ऑफ बिजापूर' मध्ये दाखवून दिले की विजापूरचे सूफी एका साच्याचे नव्हते : त्यांत लढवय्ये होते, सनातनी सुधारक होते, ग्रंथकार होते, इनाम खाऊन दरबाराशी जुळवून घेणारे जमीनदार होते आणि सगळे झुगारणारे मस्त दरवेशही होते. समोरच्याने लढवय्या सूफीचे एक उदाहरण फेकले की आपले गोड चित्र कोसळते, कारण ते अभ्यासावर उभे नव्हतेच.

एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आठवा. त्यातले दोघे एकमेकांना नमस्कार करून गोड बोलत नाहीत. चांगले भांडतात. तू असा, तुझे शास्त्र असे, तुझ्या चालीरीती अशा. एकमेकांच्या धर्मातल्या विसंगती नावानिशी काढतात, आणि शेवटी समेटावर येतात. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मणाने प्रतिपक्षाला त्याचे म्हणणे पुरेपूर मांडू दिले, स्वतःच्या धर्मावर टीकाही त्याच्या तोंडी घातली. संशोधनातला अनेकत्ववाद म्हणतात तो हा. मतभेद झाकून ठेवायचे नाहीत. समोरच्याचे म्हणणे त्याला ओळखू येईल इतक्या ताकदीने मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे.

आणि या गोड गोळीने सर्वांत मोठा अन्याय कोणावर होतो? चोखोबावर. पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. आत नाही. त्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांनी! डॉ. आंबेडकरांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात साफ म्हटले होते की संतांनी माणसे देवापुढे समान मानली, पण जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही. त्याच आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. ही विसंगती नव्हे. परंपरेचा हिशेब मागणे आणि त्या परंपरेतल्या पीडितांना मान देणे, दोन्ही एकाच माणसाने केले. आपल्या 'भक्ती-सूफी' चर्चासत्रांत हा हिशेब मागणारा आवाज असतो का? की तो आला म्हणजे 'वातावरण बिघडते'?

यावर काही जण विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की मग अनेकत्ववाद म्हणजे काय, कोणीही काहीही म्हणावे? सगळी मते सारखीच खरी? नाही. इथेही एकनाथच उपयोगी पडतात. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत चुका शिरल्या, पदरच्या ओव्या शिरल्या. एकनाथांनी प्रती गोळा केल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केलेली प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी आपल्या पदरचे घालू नये अशी ताकीदही दिली. म्हणजे अनेक पाठ आहेत हे मान्य करायचे, ते सगळे समोर ठेवायचे, आणि मग कारण देऊन निवड करायची. 'सगळेच खरे' हेही नाही आणि 'माझाच खरा' हेही नाही. पाठचिकित्सा म्हणून जर्मन विद्यापीठांकडून शिकलो असे आपण समजतो, त्या कामाचा एवढा मोठा नमुना आपल्या घरात आहे.

कबीराचे पाहा. पूर्वेकडचा 'बीजक' वेगळा, राजस्थानात दादूपंथीयांनी जपलेला कबीर वेगळा, आणि १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथातला कबीर वेगळा. 'खरा कबीर कोणता' असे दरडावून विचारण्यापेक्षा 'कोणत्या समाजाने कोणता कबीर जपला आणि का' हे विचारले की सगळा उत्तर भारत उलगडू लागतो. त्याच आदिग्रंथात आपले नामदेव आहेत आणि चिश्ती सूफी बाबा फरीदही आहेत. शीख गुरूंनी आपल्या धर्मग्रंथात परक्या प्रांताच्या शिंप्याला आणि परक्या धर्माच्या शेखाला त्यांच्या नावासकट जागा दिली. नावासकट, हे महत्त्वाचे. आमच्या कार्यकारिणीने तेवढेही केले नाही.

आणखी एक गोष्ट. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत 'चक्कीनामे' लिहिले गेले. बायकांनी दळताना म्हणायची गाणी. जात्याचा खुंटा, दळणाचा दाणा यांतून अध्यात्म सांगणारी. आणि पलीकडे मराठी मुलखात पहाटे जात्यावर विठ्ठल येतच होता. गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या 'परी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत. दखनी चक्कीनामा आणि मराठी ओवी शेजारी ठेवून वाचणारी विद्यार्थिनी तयार व्हायची तर तिला मराठी हवी, दखनी हवी, थोडी फारसी हवी, मोडी वाचता आली तर उत्तम. अशी विद्यार्थिनी तयार करायला दहा वर्षे लागतात. तिला घाबरवून पळवून लावायला एक सह्यांची मोहीम पुरते.

हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक निवेदन सहीसाठी आले. एका विद्यापीठातल्या तात्पुरत्या नेमणुकीवरच्या तरुण अध्यापिकेला काढून टाका, ती भक्ती साहित्यात जातीचा विषय आणते, अशी मागणी. मी पाठवणाऱ्याला विचारले, तिचे लेखन वाचले आहे का? "नाही, पण बऱ्याच लोकांनी सही केली आहे." मी सही केली नाही. पुढे तिच्या नेमणुकीची मुदत वाढली नाही. कारण काय ते मला ठाऊक नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. पण ज्या शेकडो लोकांनी न वाचता सही केली, त्यांना एका माणसाच्या पोटापाण्याशी आपण खेळत आहोत याची जाणीव होती का, एवढे मात्र विचारावेसे वाटते.

हा रस्ता कुठे जातो ते आपण पाहिले आहे. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ साली आले. त्यावरून पुण्यात एका ज्येष्ठ संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासले गेले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्या पुस्तकाशी त्या संस्थेचा संबंध एवढाच की लेखकाने तिथल्या लोकांचे आभार मानले होते. पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पुस्तक चांगले की वाईट हा प्रश्न वेगळा. मला स्वतःला त्यातले काही भाग अत्यंत बेजबाबदार वाटतात. पण बेजबाबदार पुस्तकाला उत्तर दुसऱ्या पुस्तकाने देतात. पोथ्यांची कपाटे फोडून कोणाचा मान वाढला? पुढे २०११ साली ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक कथनांवरचा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढला गेला. विषय पुन्हा तोच : एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगितली जाते, एवढे म्हणण्याची परवानगी. आणि भारतात राहणारे निदान परिणाम भोगतात. आपण इथे उबेत बसून उंटावरून शेळ्या हाकतो.

तेव्हा नुसती तक्रार नको, काही ठोस मागण्या मांडतो.

१) अध्यासनाला देणगी द्यायची तर बिनशर्त द्या. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत धर्माध्ययनाच्या अध्यासनांचे देणगीप्रस्ताव अध्यापकांच्या आक्षेपानंतर परत केले गेले. ते योग्यच झाले. नेमणूक कोणाची हे देणगीदाराने ठरवायचे नसते, मग तो देणगीदार उजवा असो की आपल्यासारखा डावा.

२) पैसा खालच्या पायरीवर घाला. मोडी, दखनी, फारसी शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती. खेड्यापाड्यांतल्या मठ-दर्ग्यांतली बाडे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी त्यांची छायाचित्रे. आणि मराठी विद्वानांच्या ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद. एका ढोलताशा मिरवणुकीच्या खर्चात यातले बरेच काम होते.

३) आपल्या मराठी शाळांच्या पुस्तकांत सोयराबाई आणि शेख महंमद आणा, पूर्ण नावाने. आणि सोयराबाई शिकवताना चोखोबाचे घर वेशीबाहेर का होते, हे मुलांना सांगा. दहा वर्षांच्या मुलाला ते समजते. अडचण आपल्याला होते.

४) न वाचलेल्या पुस्तकाविरुद्ध सही करू नका. विरोध करायचा तर वाचून करा, चुका पान क्रमांकासह दाखवा, आणि लेखकाला उत्तर देण्याची संधी द्या.

५) आपल्या चर्चासत्रांत आपल्याशी सहमत नसलेला निदान एक वक्ता बोलवा. संतांना मानणारा वारकरी, संतांना नाकारणारा आंबेडकरवादी आणि दर्ग्याचा मुजावर एका व्यासपीठावर आले आणि भांडले, तर ते चर्चासत्र यशस्वी समजा.

कोणी म्हणेल, यातून श्रद्धा कमी होईल. पाचशे वर्षे ज्या ओव्या जात्यावर, दिंडीत आणि दर्ग्याच्या उंबरठ्यावर टिकल्या, त्या एखाद्या प्रबंधाने मोडतील इतक्या कच्च्या आहेत असे ज्याला वाटते, त्याने आपल्या श्रद्धेची काळजी करावी. संतांची करू नये.

पुढच्या अंकात याला विरोध करणारे पत्र आले तर मला आनंद होईल. फक्त ते मुद्द्याला धरून असावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद